होडीला नायलॉनचा दोर: एका हंगामाच्या वापरानंतर

दुकानात दोर घेताना जो तो जाडी विचारतो. हंगामभर खाडीत होडी बांधल्यावर आमचं मत असं झालंय की दोर किती लांब घ्यायचा आणि तो कुठे घासणार, हे आधी ठरवावं. जाडीचं नंतर बघता येतं.

होडी अठरा फुटी, फायबरची, मागे बाहेरून बसवलेलं आउटबोर्ड इंजिन. दाभोळच्या खाडीत जेटीच्या आतल्या अंगाला असते. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवली ती मेअखेरीस वर ओढली. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला एक, मागे एक आणि दोन तिरके, असे चार दोर. तीन पांढऱ्या नायलॉनचे, तीनपेडी, १२ एमएम. चौथा, म्हणजे एक तिरका, मुद्दाम निळ्या पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) लावला, त्याच जाडीचा. शेजारी शेजारी राहिले की कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

खरेदीचं एक सांगून ठेवतो. दोर किलोवर विकतात आणि तिथेच हिशेब फसतो. पीपी हलका, त्यामुळे १२ एमएमचा एका किलोत साधारण १५ मीटर भरतो. नायलॉन जेमतेम ११. वर नायलॉनचा किलोचा दरही चढा. तेव्हा मीटरचा भाव काढून मगच घासाघीस करा. ताकदीचं म्हणाल तर नवा नायलॉन ३ टनांच्या आसपास तुटतो, पीपी २ टनांच्या. गाठ मारली की त्यातली तिसरा हिस्सा ताकद गेली म्हणून समजा. ओला नायलॉनही दहा-पंधरा टक्के कमजोर होतो. हे सगळं वजा केलं तरी एवढ्या होडीला पुरून उरतं. अठरा एमएमचा दोरखंड घेऊन मिरवणारे आहेत, पण तो होडीवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर धड बसत नाही आणि हलक्या होडीच्या ओढीने ताणतही नाही. मग नायलॉनला पैसे मोजले कशाला?

कारण नायलॉनची खरी कमाई त्याच्या ताणण्यात आहे. फेरीबोट गेली की तिच्या लाटा जेटीपर्यंत येतात आणि होडी हिसका देते. नायलॉन तो हिसका गिळतो, सावकाश ताणतो, सावकाश परत येतो. पीपीच्या बाजूला खुंटीचा ‘टक’ असा आवाज यायचा आणि फेब्रुवारीत तिच्या बुडाशी फायबरला केसासारखी चीर दिसली. नायलॉनच्या तिन्ही खुंट्या जशाच्या तशा. फक्त ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत उभं राहू नका, पोरांना तर अजिबात नको. तो तुटला तर चाबकासारखा उलटा येतो.

आता लांबी. उधाणाला आमच्याकडे पाणी अडीच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढणारी मंडळी अजून आहेत, आणि त्यांचं गणित फारसं चुकत नाही. पण दोराचंही एक गणित आहे. होडी अडीच मीटर खाली गेली की ६ मीटरच्या दोराची आडवी पोच अर्ध्या मीटरने कमी होते. ३ मीटरच्या दोराची सव्वा मीटरहून जास्त. आखूड दोरावरची होडी ओहोटीला लटकते ती यामुळे. माझे काका तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते. ते एवढंच म्हणायचे, “दोर लांब ठेव रे, लांब. भांगाला ढिला दिसला तर दिसू दे.” भांग म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस.

घासण्याचं मात्र विचारू नका. जेटीच्या खांबांना कालवं चिकटलेली, त्यांची धार सुरीची. वर सिमेंटची कड खडबडीत. दोर वळतो तिथे फायर ब्रिगेडच्या जुन्या कॅनव्हास पाइपाचा हातभर तुकडा ओवला आणि सुतळीने दोराला बांधून टाकला, नाहीतर तो सरकत सरकत नको तिथे जाऊन बसतो. बरेच जण बागेचा प्लॅस्टिकचा पाइप घालतात. त्यात पाणी खेळत नाही, घर्षणाची उष्णता आत कोंडते आणि नायलॉनला तेच सोसत नाही. कॅनव्हास ओला राहतो, दोर गार राहतो. मे महिन्यात पाइप काढला तेव्हा कॅनव्हासचा एक पदर आरपार गेला होता. आतल्या दोराला नुसती लव सुटलेली, पेड शाबूत.

पीपीची अवस्था वेगळी. एप्रिलपर्यंत निळा रंग उडून राखाडी झाला, हात फिरवला की बारीक कुसळं टोचायची आणि तळव्याला भुकटी लागायची. हे उन्हाचं काम. शिवाय तो तरंगतो, म्हणजे ढिला पडला की थेट इंजिनाच्या पंख्याच्या वाटेत. नायलॉन बुडतो, तो त्रास नाही.

नायलॉनच्या तक्रारीही आहेत. नवा असताना गुळगुळीत, गाठ सरकते. पेड उलगडून दोरातच विणलेला फासा करून घेतलेला बरा, त्यात ताकदही फारशी जात नाही. काही महिन्यांनी मिठाने काठीसारखा ताठ होतो. गोड्या पाण्यात रात्रभर भिजवला की पुन्हा वळायला लागतो, तरी पहिला मऊपणा येत नाही. दोन्ही टोकांना फासा असेल तर हंगामाच्या मध्यावर टोकं अदलाबदल करा, झीज वाटली जाते.

पुढच्या हंगामाला तेच तीन दोर चालतील. चौथाही नायलॉनचाच घेणार. पीपीचा बरा उरलेला तुकडा होडीतून जेटीवर फेकायला ठेवलाय, हलका आहे, पाण्यात पडला तरी वर दिसतो. नांगराला मात्र तो बांधू नका. तरंगता दोर नांगराची दांडी वर उचलतो आणि नांगर चिखलात रुततच नाही.