धंतोलीत आईला दिलेली नाकातली लस

२०२३ च्या उन्हाळ्यात आईला कोविडचा बूस्टर म्हणून ‘इन्कोव्हॅक’ दिली, नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात. सुई म्हटली की आईचं बीपी चढतं, म्हणून मुद्दाम हीच शोधली. भारत बायोटेकनं ती २६ जानेवारी २०२३ ला बाजारात आणली. तेव्हा खासगीत ८०० रुपये, वर जीएसटी आणि दवाखान्याचं शुल्क. या त्रासातून सुटका होत असेल तर मला ते पैसे जड वाटले नाहीत.

मान मागे करून एका नाकपुडीत चार थेंब, दुसरीत चार, मिळून अर्धा मिली. सिस्टरचा हात हलका, थेंब मोजून. “झालं काय वं? सुई कुठी हाय?” आईनं विचारलं.

नाराजी एकाच गोष्टीची. शेवटचा थेंब पडला न पडला तोच “उठा आजी, पुढचे पेशंट आहेत.” आई उठली आणि घशाशी आलेलं गिळून मोकळी झाली. मी फार्मसी कॉलेजात शिकवते. त्या घोटानं माझा जीव वरखाली झाला.

बाहेरून आलेलं हाकलून देणं हे नाकाचं कामच. शेंबडाचा थर साधारण पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे सरकतो. लसीला तेवढाच वेळ. इन्कोव्हॅकमध्ये चिंपांझीचा, शरीरात वाढू न शकणारा ॲडिनोव्हायरस (सर्दीच्या विषाणूंच्या कुळातला एक विषाणू) आहे, तो आपणहून पेशीत शिरतो. त्याऐवजी कोविडच्या विषाणूचं नुसतं प्रथिन टाकलं असतं तर बरंचसं वाहून गेलं असतं. म्हणून मला नॅनोकणांची, म्हणजे असं प्रथिन पोटात घेऊन नाकात टिकून राहू शकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, एवढी आस आहे.

कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारं कायटोसान घ्या, असे कण बनवायचा एक पदार्थ. त्यावर धन भार, शेंबडावर ऋण; त्यामुळे ते नाकात चिकटून राहतं. आमच्या लॅबमध्ये मुलं ते पातळ ॲसेटिक ॲसिडात विरघळवतात आणि ढवळत ढवळत त्याला बांधून ठेवणारं, ऋण भाराचं ट्रायपॉलीफॉस्फेट थेंबाथेंबानं सोडतात. नितळ द्रावणावर निळसर धुकं चढलं की समजायचं, कण तयार झाले. व्हिनेगरच्या वासात उभं राहून मी ते दर बॅचला नव्यानं बघते. अर्थात फार चिकटलं तर कण वरच्या थरातच अडकून त्याच्यासोबत निघून जातात. म्हणून काही जण कणांना वरून पीईजीचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, न चिकटणारा पदार्थ) लेप देतात, म्हणजे कण शेंबडातून आत सरकतात.

घाई मात्र नको. २०००-०१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची नाकातली लस आली होती. जोर वाढवायला तिच्यात ई. कोलाय या जिवाणूचं विष घातलेलं होतं. काहींचा चेहरा लुळा पडला आणि लस मागे घ्यावी लागली. नाकातून मेंदू फार लांब नाही, हे मी प्रत्येक वर्गात सांगते.

आईला दुसऱ्या दिवशी थोडं नाक वाहिलं, बाकी काही नाही. लस मला आवडली. नाकातली कुठलीही लस घ्यायला जाल तर सिस्टरला आधीच सांगून ठेवा: थेंब टाकल्यावर थोडा वेळ तसंच पडू द्या, उठवायची घाई करू नका.