संग्रहालयांचे खुले ऑनलाइन संग्रह : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

जगातील अनेक मोठ्या कलासंग्रहालयांनी आपल्या संग्रहांची उत्तम प्रतीची छायाचित्रे कोणालाही विनामूल्य पाहता यावीत, अशी आंतरजालावर ठेवली आहेत. चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या, चित्रापुढे उभे राहून नेमके काय पाहायचे असते हेच ठाऊक नसलेल्या माणसाला या सोयीचा कितपत उपयोग होतो, ते पाहावे म्हणून ॲमस्टरडॅमचे राइक्सम्यूझियम, न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्हणजे 'मेट', पॅरिसचे लूव्र यांची संकेतस्थळे आणि 'गूगल आर्ट्स अँड कल्चर' ही सेवा मी वर्षभर नियमाने वापरली. चित्रे पाहण्याची गोडी लागली, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ज्या गोष्टींचा सर्वाधिक गाजावाजा होतो, त्यांचा या गोडीत फारसा वाटा नाही.

सुरुवात बहुतेक जण गूगलपासूनच करतील. ही सेवा २०११ च्या फेब्रुवारीत १७ संग्रहालयांना घेऊन सुरू झाली आणि आज तिचा विस्तार अफाट आहे. नवख्या माणसाला कोठे काय आहे हे कळण्यासाठी ती चांगली आहे, परंतु तिचा सगळा कल पुढचे, आणखी पुढचे दाखवत राहण्याकडे आहे. आपल्या चेहऱ्याशी मिळतेजुळते जुने व्यक्तिचित्र शोधून देण्यासारखे खेळ घटकाभर करमणूक करतात, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. तासाभरात शेकडो चित्रे नजरेखालून जातात आणि उठल्यावर त्यांतले एकही धड आठवत नाही.

खरा फरक पडला तो राइक्सम्यूझियमच्या संकेतस्थळावर एकाच चित्रापाशी थांबल्यावर. डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याने १६६० च्या सुमारास काढलेले, दूध ओतणाऱ्या स्त्रीचे हे चित्र जेमतेम ४५.५ × ४१ सेंटिमीटरचे आहे. प्रथमदर्शनी डोळ्यांत भरतात ती तिची पिवळी चोळी, निळे वस्त्र आणि भांड्यातून पडणारी दुधाची बारीक धार. चित्र मोठे करून भिंतीकडे वळले की वेगळेच काही दिसू लागते. गिलाव्यात एक खिळा आहे, त्या खिळ्याची इवलीशी सावलीही रंगवलेली आहे, आणि आसपास पूर्वी कधी ठोकलेल्या खिळ्यांची भोके आहेत. टेबलावरच्या पावाच्या कवचावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे ठिपके पेरले आहेत. जवळून पाहिले तर त्यांत पाव कोठेच नसतो, नुसते ठिपके असतात. याच भिंतीवर चित्रकाराने आधी सुरया टांगण्याची फळी रेखाटली होती आणि नंतर ती स्वतःच रंगाखाली झाकून टाकली, हे संशोधकांच्या तपासणीतून पुढे आले आणि २०२२ मध्ये संग्रहालयाने ते जाहीर केले. एवढे कळल्यावर ती भिंत रिकामी राहिलेली नसून विचारपूर्वक रिकामी केलेली आहे हे लक्षात येते, आणि मग इतर चित्रांतही चित्रकाराने काय वगळले असेल, हा प्रश्न आपोआप पडू लागतो. कलेची जाण म्हणतात ती माझ्या बाबतीत एवढ्याशा प्रश्नातून सुरू झाली.

याच संग्रहालयाने रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या १६४२ सालच्या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज बिंदूंची प्रतिमा २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ८,४३९ छायाचित्रे जोडून ती तयार झाली असून तिच्यातील दोन बिंदूंमधले अंतर ५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी आहे. तांत्रिक कामगिरी म्हणून तिला तोड नाही. रंगाला गेलेल्या तड्यांत शिरता येते, चेहऱ्यावरचा एकेक फटकारा वेगळा काढता येतो. तरीही या चित्राचा मूळ प्रभाव पडद्यावर पोहोचत नाही, कारण तो त्याच्या आकारात आहे. मूळ चित्र सुमारे ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद असून त्यातील माणसे पाहणाऱ्याच्या अंगावर चालून आल्यासारखी वाटावीत, अशी योजना आहे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ते दूधवालीच्या चित्राच्या नव्वदपटीहून अधिक भरते. संगणकावर मात्र दोन्ही एकाच चौकटीत, एकाच मापाची होऊन येतात. खाली सेंटिमीटरमध्ये मापे दिलेली असतात खरी, पण आकडा वाचून आकाराची जाणीव होत नाही. एखाद्या माणसाची आकृती चित्राशेजारी काढून दाखवणे काही अवघड नाही, आणि ही सोय सगळीकडे सर्रास असायला हवी होती.

उलट, जी चित्रे मुळातच हातात धरून पाहण्यासाठी घडली, त्यांना पडदा फार मानवतो. जपानी चित्रकार होकुसाई याच्या चित्रातली सुप्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमारासची; ती लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली असून तिचे माप साधारण २५ × ३७ सेंटिमीटर आहे. ठशाचे काम असल्यामुळे तिच्या अनेक प्रती निघाल्या आणि त्या जगभर विखुरल्या. मेटकडेच एकाहून अधिक प्रती आहेत, शिवाय लंडनचे ब्रिटिश म्यूझियम आणि शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट यांच्याकडेही आहेत. ब्राउझरच्या खिडक्या शेजारी शेजारी उघडून या प्रती ताडून पाहणे हा वर्षभरातला सर्वांत आनंदाचा उद्योग ठरला. आकाशाची छटा प्रतीगणिक बदलते, लाटेचा निळा कोठे गडद तर कोठे उतरलेला दिसतो, आणि डावीकडे वर शीर्षकाभोवती जी चौकट आहे तिची रेषा नंतरच्या प्रतींत जागोजागी तुटलेली आढळते, कारण तोवर ठसा झिजला होता. प्रत्यक्ष संग्रहालयात कितीही हिंडले तरी खंडोखंडीच्या या प्रती एका नजरेत येणार नाहीत. मुघल आणि पहाडी लघुचित्रांचेही तेच. ती मांडीवर घेऊन जवळून न्याहाळण्यासाठीच काढलेली असल्याने, काचेआड टांगलेल्या चित्रापेक्षा मोठे करून पाहिलेले चित्र त्यांच्या मूळ हेतूच्या अधिक जवळ जाते.

सोयीगैरसोयींबद्दल थोडेसे. मेटचा शोध आणि वर्गवारी मला सर्वांत सुबक वाटली. काळ, प्रदेश आणि घडणीचे साहित्य यांनुसार चटकन गाळणी लावता येते. लूव्रने २०२१ मध्ये ४,८०,००० हून अधिक वस्तूंची सूची खुली केली, ती अभ्यासकाला वरदान असली तरी नवख्याला त्या पसाऱ्यात वाट सापडणे कठीण जाते. चित्रांविषयीची माहिती मराठीत मिळण्याची अपेक्षा कोठेच ठेवू नये. फोनवर पाहण्यात अर्थ नाही, मोठा पडदा हवाच.

हार्वर्ड विद्यापीठातील कलेतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एकाच कलाकृतीसमोर सलग तीन तास बसायला लावतात. तीन तास सर्वांना झेपणार नाहीत, पण या संकेतस्थळांचा उपयोग करून घ्यायचा असेल तर पद्धत तीच आहे: आठवड्याला एकच चित्र निवडावे, आधी काहीही न वाचता ते कोपऱ्या-कोपऱ्याने पाहावे आणि मगच सोबतचे टिपण उघडावे. टिपण आधी वाचले की डोळे फक्त त्यात सांगितलेलेच शोधत राहतात.

मेटने २०१७ पासून आपल्याकडील प्रताधिकारमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा कोणत्याही कामासाठी, परवानगीशिवाय वापरायला मोकळ्या केल्या आहेत. त्यामुळे होकुसाईची लाट तेथून उतरवून घेऊन ए-३ कागदावर अगदी मूळ मापात छापता येते, आणि पडद्यावर पाहून झाल्यावर ती हातात धरून पाहण्यासाठी एवढे अवश्य करावे. रेम्ब्रांटसाठी मात्र ॲमस्टरडॅमचे तिकीट काढण्याला पर्याय नाही.