फोल्डस्कोपमधून पान पाहताना: पर्णरंध्रांसाठी उत्तम, आतल्या पोकळ्यांसाठी हात बसायला हवा

स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी २०१४ मध्ये जगासमोर मांडलेला, कागदाच्या घड्या घालून बनवायचा सूक्ष्मदर्शक म्हणजे फोल्डस्कोप. पानात पर्णरंध्रांतून, म्हणजे सालीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, हवा कशी शिरते आणि हरितलवकांपर्यंत (प्रकाश वापरून अन्न बनवणाऱ्या पेशीतल्या हिरव्या कणांपर्यंत) कशी पोचते, हे शिकवण्यासाठी तो घ्यावा का? घ्यावा. पण त्याची मर्यादा ओळखून.

तो १४० पट मोठं दाखवतो आणि साधारण २ मायक्रोमीटरपर्यंतचे तपशील वेगळे ओळखू येतात. पर्णरंध्र उघडणाऱ्या-मिटणाऱ्या रक्षक पेशी बहुतेक पानांत २० ते ५० मायक्रोमीटर लांब असतात, हरितलवक ५ च्या आसपास. दोन्ही दिसतात. पेशीभित्तिका मात्र नुसती रेघ म्हणून दिसते, तिची जाडी कळत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण कार्बन डायऑक्साइडची खरी अडचण त्या ओल्या भिंतीपासूनच सुरू होते. हवेत तो जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट संथपणे पाण्यात. म्हणूनच पानाला आत पोकळ्या लागतात: वायूचा बराचसा प्रवास हवेतून व्हावा आणि पाण्यातलं अंतर शेवटच्या काही मायक्रोमीटरवर यावं.

पर्णरंध्रांसाठी या साधनाला पूर्ण गुण. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, १० मिनिटं वाळू द्या, सेलोटेपने उचलून स्लाइडवर चिकटवा. पान झाडावर असतानाच थर द्यायचा. तोडलेल्या पानाची रंध्रं मिटू लागतात आणि ठसा मिटलेल्या रंध्रांचाच मिळतो. पान ओलं असेल तर ठसा दुधाळ येतो, लवदार असेल तर फाटतो. रोहिओ या शोभेच्या झाडाचं जांभळं पान सगळ्यात सोपं, त्याची साल सोलूनच पाहता येते. कण्हेरीचा ठसा मात्र फसवतो. तिची रंध्रं खालच्या बाजूच्या केसाळ खळग्यांच्या आत असतात, नेलपॉलिश तिथे पोचत नाही. तिथे आडवा छेदच घ्यावा लागतो. कण्हेर विषारी आहे, हात धुवायला विसरू नका.

आडव्या छेदात मात्र साधनापेक्षा ब्लेडची परीक्षा होते. पानाची अरुंद पट्टी कापून बटाट्याच्या फोडीतल्या चिरेत बसवा, नवं ब्लेड पाण्यात भिजवा आणि एकाच ओढीत, दाब न देता कापा. वीसेक छेद पाण्यात सोडा आणि त्यातला जवळजवळ पारदर्शक दिसणारा निवडा. भिंगाला नमुना अगदी खेटून लागतो, त्यामुळे जाड छेदावर कव्हर स्लिप ठेवली की फोकसच जुळत नाही. दृश्याच्या कडाही धूसर राहतात. महत्त्वाचा भाग मधोमध आणा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. ताज्या छेदात स्पंजी ऊतीत, म्हणजे पानाच्या खालच्या भागातल्या सैल पेशींच्या थरात, काळे ठिपके, काळे पट्टे दिसतात. त्यांना गडद पेशी समजून आकृतीत रंगवलं जातं. ती अडकलेली हवा असते. छेद पाण्यासह सिरिंजमध्ये घेऊन, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढला की बुडबुडे निघतात आणि पेशी स्वच्छ दिसतात. पण आधी तो काळा भाग नीट पाहून घ्या, कारण वायूची वाट तीच आहे. वरच्या स्तंभी ऊतीत पेशी दाटीने उभ्या दिसल्या तरी त्यांच्यामध्येही अरुंद फटी असतात. मक्याच्या छेदात शिरांभोवती गडद हिरव्या पेशींची कडी दिसतात. शेजारच्या दोन कड्यांमध्ये साधारण दोनच पेशींचं अंतर असतं, हे मोजून पाहण्यासारखं आहे.

हीच सिरिंज वापरून पोकळ्यांचं काम प्रत्यक्ष दाखवता येतं. १०० मिलिलिटर पाण्यात ०.२ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब. फेस आला तर साबण जास्त झाला, अजून द्रावण घालून पातळ करा. पालकाच्या पानातून पंचने १० चकत्या काढा, मोठ्या शिरा टाळा. सिरिंजमध्ये दट्ट्या ओढून १० सेकंद धरा, सोडा. दोन-तीनदा केलं की पोकळ्यांत द्रावण शिरून चकत्या बुडतात आणि गडद, अर्धपारदर्शक दिसू लागतात. याहून जास्त वेळा ओढलं तर ऊती फाटू शकतात. नंतर तेजस्वी दिव्याखाली प्राणवायू साठत जातो आणि त्या एकेक वर येतात. अंधारात ठेवलेल्या चकत्या तळाशीच राहायला हव्यात. त्याही वर आल्या, तर आतली हवा पुरती निघालेली नव्हती.

मोबाइलला जोडणारा चुंबकी कपलर जरूर वापरा, वर्गात एकेकाने डोळा लावून पाहण्यात तास संपतो. कागद पाण्याने खराब होत नाही, पण भिंगावर सोड्याचं पाणी वाळलं तर डाग राहतो. आणि फोल्डस्कोप डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही धरू नका. खिडकीतला उजेड किंवा ट्यूबलाइट पुरते.