जर्मन अंमलातलं वॉर्सा, पायी साडेतीन तास: 5 पैकी 4

ऑफिसच्या कामाने पोलंडला गेलो होतो, काम तीन दिवसांचं आणि पुढचे दोन दिवस माझे. वॉर्सा म्हटलं की जो तो एकच सांगतो, 1944 च्या उठावाचं म्युझियम बघ. ते बघितलंच, पण त्याच्या आदल्या दिवशी एक वॉकिंग टूर घेतली, विषय एवढाच की जर्मनांनी शहर घेतल्यापासून लोक तिथं कसे राहिले. माणशी 120 झ्लॉटी, आपले अडीच-पावणेतीन हजार. कंपनीचं नाव देत नाही कारण तक्रार पण आहे, आणि अशा टूर तिथं बरेच जण काढतात.

सुरुवात पिलसुद्स्की चौकातून. भलामोठा मोकळा चौक, एका कडेला तीन कमानींचा तुकडा, खाली अज्ञात सैनिकाची समाधी आणि पहाऱ्याला जवान. मला वाटलं डिझाईनच तसं असेल, तर नाही, इथे अख्खा सॅक्सन पॅलेस होता, 1944 च्या डिसेंबरात जर्मनांनी सुरुंग लावून उडवला आणि हा तुकडा तेवढा राहिला. ताब्याच्या काळात चौकाचं नाव काय होतं माहितीये, आडोल्फ हिटलर प्लाट्स. 28 सप्टेंबर 1939 ला शहर पडलं आणि जर्मनांनी आपल्या कारभाराचं मुख्य ठाणं क्राकूवला नेलं, त्यांचा गव्हर्नर हान्स फ्रांक तिथल्या किल्ल्यात जाऊन बसला, म्हणजे वॉर्साचं राजधानीपण काढूनच घेतलं. पण चोरून चालणारी कोर्टं, चोरून भरणारं विद्यापीठ, छापखाने, वर्तमानपत्रं यांचा गड वॉर्साच. मला ही टूर आवडली ती ह्याच्यासाठी, गाईड बाई लढाईपेक्षा ह्या असल्या गोष्टींवर जास्त बोलल्या.

बाई पन्नाशीच्या, इंग्लिश समजायला सोपं, आणि पाठांतर म्हणून दाखवतात तसं अजिबात नाही. मधेच थांबून विचारायच्या, तुम्ही असता तर काय केलं असतं? उदाहरणार्थ रेशन. 1941 च्या सुमाराला पोलिश माणसाला कार्डावर दिवसाला साधारण 700 कॅलरी, ज्यूंना दोनशेच्या पण आत, आणि जर्मनांना अडीच हजाराच्या वर. ह्यावर कोण जगणार? मग खेड्यातून बायका अंगाला मांस बांधून आणायच्या, पकडलं तर जीव जायचा, तरी अख्खं शहर त्या चोरट्या मालावर जगलं. ट्रामचा पुढचा भाग फक्त जर्मनांसाठी. आणि 'वापान्का', म्हणजे रस्त्याची दोन्ही टोकं बंद करायची आणि मधे सापडेल त्याला ट्रकात घालायचं, कुणी जर्मनीत मजुरीला, कुणी छळछावणीत. दूध आणायला गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईल का ह्याचीच खात्री नाही, आणि असं पाच वर्षं.

रस्त्यावर कर्णे लावले होते, लोक त्यांना 'श्चेकाच्की' म्हणायचे, म्हणजे भुंकणारे. 1943 च्या शेवटाकडे रस्त्यावर उभं करून गोळ्या घालायला लागले तेव्हा मारलेल्यांची नावं त्याच्यातून वाचायचे. तेव्हाचा वॉर्सातला एसएसचा (हिटलरच्या खास दलाचा) आणि पोलिसांचा प्रमुख फ्रान्झ कुचेरा, त्याला 1 फेब्रुवारी 1944 ला भूमिगतांनी त्याच्या ऑफिसजवळच गोळ्या घालून मारला, आणि तो प्लॅन पार पाडणारी बहुतेक विशीची पोरं. पुढे चालताना भिंतींवर दगडी पाट्या दिसत राहतात, अमुक तारखेला इथं इतके जण मारले. एकदा दिसायला लागल्या की मग दिसतच राहतात, शेवटी मी मोजायचं सोडून दिलं.

झ्येल्ना रस्त्यावरच्या जुन्या टेलिफोन इमारतीच्या गच्चीवर जहाजाच्या नांगराची खूण आहे, कोत्वित्सा म्हणतात, पी आणि डब्ल्यू एकात एक, म्हणजे पोलिशमध्ये 'लढणारा पोलंड'. 1942 पासून शाळकरी पोरं रात्री ही खूण भिंतींवर रंगवायची. आजही शहरभर दिसते, टी-शर्टावर पण, ते मला जरा खटकलं.

आता तक्रार. ग्रुपमध्ये आम्ही 26 जण, अन् घेट्टोचा, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीचा भाग शेवटी घाईघाईत. झ्वोता रस्त्याजवळच्या अंगणात भिंतीचा उरलेला तुकडा, तिथं पाच मिनिटं. नोव्हेंबर 1940 मध्ये बंद केलेल्या ह्या भिंतीच्या आत साडेतीन चौरस किलोमीटरच्याही कमी जागेत चार लाखांवर माणसं कोंबली होती, आणि 1942 च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत अडीच लाखांपेक्षा जास्त लोकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेऊन मारलं. त्याला पाच मिनिटं? ख्वोदना रस्त्यावर मात्र बाई थांबल्या. घेट्टोचे दोन भाग जोडणारा लाकडी पूल होता तिथं, खालून बाहेरच्या लोकांची ट्राम जायची. आता खांब उभे केलेत आणि आत डोळा लावून जुने फोटो बघता येतात. माझ्या हेडसेटची बॅटरी नेमकी तिथं गेली. रिफंड मागितला नाही, पण ईमेलला उत्तर पण आलं नाही.

टूर पाव्याक तुरुंगापाशी संपते. शुखा रस्त्यावरचं गेस्टापोचं, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचं ऑफिस ह्यात नाही, ते तुम्ही आपलं आपण जा, तळघरातल्या कोठड्यांना कैदी 'ट्राम' म्हणायचे कारण बाकडी एकामागे एक, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. लहान पोरं असतील तर नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी म्युझियम. 1 ऑगस्ट 1944 ला पाच वाजता उठाव, 63 दिवस, दीड लाखाच्या वर सामान्य माणसं गेली, रशियन सैन्य सप्टेंबरमध्ये नदीच्या पलीकडे येऊन थांबलेलं, आणि शरणागतीनंतर लोकांना हाकलून जर्मनांनी उरलेलं शहर रस्त्यागणिक पाडलं. तिथं विमान आहे, गटाराची प्रतिकृती आहे, गर्दी पण आहे. एकटं म्युझियम बघितलं असतं तर वाटलं असतं की एवढी कोवळी पोरं वेड्यासारखी का उठली. आदल्या दिवशी त्या भुंकणाऱ्या कर्ण्यांबद्दल ऐकून झालेलं होतं, म्हणून नाही वाटलं.

मी कोल्हापूरचा सांगितल्यावर बाईंनी नाव अगदी नीट उच्चारलं. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 48 पाचेक हजार पोलिश निर्वासित होते ना, आता जिथं आपण गांधीनगरला कापड घ्यायला जातो तिथं. पण ते वॉर्साचे नव्हेत हं, बाईंनी लगेच दुरुस्त केलं, ते बहुतेक पूर्वेकडचे, रशियनांनी सायबेरियाकडे नेलेले. वॉर्सात मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचं छोटं स्मारक आहे, मी संध्याकाळी ट्रामने जाऊन आलो, तिथं कुणीच नव्हतं.

म्युझियमला मंगळवारी सुट्टी असते, टूर सोमवारी घेणार असाल तर बघून ठरवा. बूट चांगले घाला, आणि हेडसेट हातात आला की आधी बॅटरी तपासा.