विद्युतदाहिनी : एक अनुभव

मामांच्या अंत्यसंस्कारासाठी पुण्यातील एका विद्युतदाहिनीत जावे लागले. डॉक्टरांचा दाखला आणि महापालिकेचा पास तपासून कर्मचाऱ्यांनी पुढचे सारे शांतपणे, घाई न करता पार पाडले. बसायला मात्र सावली अपुरी होती. दाहिनीचे तापमान एका कर्मचाऱ्याने न विचारताच सांगितले, आणि आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मामांना ते आवडले असते : सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सियसला शरीरातील पाणी, म्हणजे वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, वाफ होऊन जाते, मांसातील कार्बन बहुतांशी कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत मिसळतो आणि मुख्यतः अस्थींतील कॅल्शियम फॉस्फेट तेवढे उरते. दीड तासाने मिळालेल्या अस्थी दोन-अडीच किलोंच्या होत्या. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. ते घरीच झाले होते.