मोटारसायकल घरी ठेवून बसने: जांबोटी–बेळगाव, पावसाळ्यासकट

काम उद्यमबागेत, घर जांबोटीच्या पुढे एका वाडीत. गुडघा बोलू लागला तशी मोटारसायकल घरी लावली. उन्हाळ्यापासून दिवाळी होईपर्यंत सगळं बसनेच केलं. आमच्याकडं रस्त्यांची चर्चा भरपूर होते, गाडी किती वाजता येते हे कुणी लिहीत नाही, म्हणून हा अनुभव.

रस्ते सुधारलेत, त्यात वाद नाही. बेळगाव–खानापूर चौपदरी झाल्यापासून तालुक्याचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. गणेबैलच्या टोलवर कारवाले कुरकुरतात, तो विषय त्यांचा. माझी तक्रार वेगळी. मधल्या गावांचे थांबे आता खालच्या सर्व्हिस रोडला, आणि घाईतल्या गाड्या वरच्या वर निघून जातात. डोक्यावर बुट्टी घेतलेली म्हातारी खालून हात करत राहते, तो हात ड्रायव्हरला दिसणार कसा? कोल्हापूरला जाताना मात्र तवंदी घाटापासून कोगनोळीपर्यंत सहापदरीच्या कामाने वेळेचा भरवसा उरलेला नाही. तिकडं तासभर हाताशी ठेवूनच निघावं.

आता मुख्य गोष्ट, वस्तीची गाडी. रात्री वाडीत येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपतात, भल्या पहाटे तीच गाडी परत. अख्ख्या वाडीचं घड्याळ तिच्यावर चालतं. दुसऱ्या पाळीला ती सापडत नाही, म्हणून मी जोडीदाराशी अदलाबदल करून कायमची पहिली पाळी घेतली. पगारात रात्रपाळीचे चार पैसे कमी झाले. पण जुलैत कणकुंबीकडचा पाऊस सुरू झाला, की हीच गाडी कधी जांबोटीवरूनच मागं फिरते. झाड पडलंय, साकवावरून पाणी आहे, कारण खरंच असतं. पुढं टमटम मिळाली तर ठीक, नाहीतर छत्री आणि पाय.

पुण्याला मुलगा आहे, म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पुणे–हुबळी वंदे भारतनेही आलो. गाडी झकास, खुर्ची झकास. रात्री बेळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा वस्तीची गाडी निघून गेली होती. पुण्याहून इथवर आरामात, आणि उरलेल्या तीसेक किलोमीटरसाठी बेळगावातच शहापूरला मेहुण्याकडं मुक्काम! बायको म्हणाली, आणखी जोरात पळवा म्हणावं रेल्वे.

शक्ती योजनेबद्दल पुरुष मंडळी नाकं मुरडतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला शून्य तिकीट. माझं मत विचाराल तर योजना चांगली. आई पूर्वी बेळगावला जायचं म्हटलं की आधी माझ्या खिशाकडं बघायची, आता आधारकार्ड घेते आणि दाताच्या डॉक्टरकडं एकटी जाऊन येते. पण माणसं वाढली आणि आमच्या मार्गावरच्या फेऱ्या होत्या तेवढ्याच. किणयेला कॉलेजची पोरं पास हातात धरून दारात लोंबकळतात, पहिला तास तर बुडतोच. फुकट तिकिटाला दोष देऊन काय होणार, त्या वेळेला दुसरी गाडी पाहिजे.

हद्दीवरची गंमत वेगळीच. बहीण शिनोळीला दिलीय, बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. तिचं आधार आता महाराष्ट्राचं. तिकडच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. इकडं आली की पूर्ण तिकीट. दोघी एका सीटवर बसून माहेरी येतात, आई शून्यावर, लेक पैसे मोजून. भाडेवाढीत मात्र दोन्ही सरकारांचं छान जमलं: जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकने १५ टक्के वाढवलं, त्याच महिन्यात महाराष्ट्राने १४.९५. पुढच्याच महिन्यात भाषेच्या वादावरून दोन्हीकडच्या गाड्या काही दिवस एकमेकांच्या हद्दीत जाईनात, तेव्हा बहिणीचं येणंही थांबलं.

या मार्गावर नव्याने बसणाऱ्यांना एवढंच सांगेन: संध्याकाळी पिरनवाडीला उभे राहू नका, तिथं गाडी भरलेलीच येते. सरळ मध्यवर्ती बसस्थानकात जाऊन जागा धरा. जून ते सप्टेंबर पिशवीत बॅटरी ठेवा, आणि कंडक्टरचा फोन नंबर मिळाला तर घेऊन ठेवा. वस्तीची गाडी आज येणार की जांबोटीवरून फिरणार, हे वाडीत सगळ्यात आधी त्यालाच कळतं.