मसाई मारातली नाबोइशो कन्झर्वन्सी: वेगवेगळ्या ऋतूंत राहून आलेला अनुभव

आम्ही नैरोबीला राहायला आल्यापासून पुण्या-नाशिकहून येणारे पाहुणे हमखास विचारतात: केनियातलं मसाई मारा अभयारण्य बघायचं तर गेटाबाहेर स्वस्तातल्या हॉटेलात उतरायचं, की दुप्पट-तिप्पट पैसे मोजून कन्झर्वन्सीत, म्हणजे अभयारण्यालगतच्या मसाई मालकीच्या राखलेल्या रानात, राहायचं? आम्ही दोन्हीकडे राहिलोय. नाबोइशोत तर जानेवारीच्या कोरड्या हवेत, एप्रिलच्या पावसात आणि ऑगस्टच्या ऐन हंगामातही. माझं मत आधीच सांगून टाकते. बजेट ठरलेलं असेल तर मुक्कामाच्या रात्री कमी करा, पण कन्झर्वन्सीतच राहा. आणि कॅम्पचे फोटो बघत बसण्याआधी कन्झर्वन्सी कोणती ते ठरवा.

कन्झर्वन्सी ‘खासगी’ आहे असं म्हटलं की एखाद्या धनिकाचं कुंपण घातलेलं रान डोळ्यांपुढे येतं. नाबोइशो तसं नाही. मूळ राखीव अभयारण्य सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं, नारोक काउंटीच्या ताब्यातलं. त्याला लागून उत्तर-पूर्वेला मसाई लोकांची चराऊ जमीन आहे. पूर्वी ती सामाईक होती, मग कुटुंबाकुटुंबांत वाटली गेली. तुकडे पडले की कुंपणं येणार आणि कुंपणं आली की जनावरांच्या वाटा बंद होणार, हे उघड होतं. तेव्हा पाचशेहून जास्त मसाई जमीनमालकांनी आपापले तुकडे एकत्र जोडून पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिले. २०१० साली अशी सुमारे ५०,००० एकरांची नाबोइशो कन्झर्वन्सी उभी राहिली. पर्यटक कमी येवोत वा जास्त, जमिनीचं ठरलेलं भाडं मालकांना मिळतं. आपण रात्रीचे जे भरमसाट वाटणारे पैसे भरतो, त्यातला एक भाग ह्या भाड्यात जातो. जमीन अजूनही मसाईंचीच आहे.

भाडं निघायला हवं आणि गर्दीही नको, म्हणून खाटा मोजून ठेवल्यात. साधारण ३५० एकरांमागे एक तंबू, असा तिथला हिशेब. आत फक्त तिथल्या कॅम्पांच्या पाहुण्यांनाच प्रवेश. बाहेरची गाडी दिवसाच्या तिकिटावर येऊच शकत नाही. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या थांबवायच्या नाहीत. कागदावर हे नियम कोरडे वाटतात. ताडोबात वाघ दिसल्यावर जिप्सींची जी दाटी होते ती ज्यांनी अनुभवलीय, त्यांना त्यांची किंमत लगेच कळेल.

जानेवारीतली एक संध्याकाळ. गाइडने क्रोटनच्या झुडपांशी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. समोर पिवळ्या गवतात सिंहीण पोट जमिनीला टेकवून दबली होती, कान मागे. पलीकडे वॉर्टहॉगची (सुळेवाल्या आफ्रिकी रानडुकराची) मादी दोन पिलांसह गुडघे टेकून चरत होती. सिंहीण एक पाऊल टाकायची आणि मग कितीतरी वेळ तशीच. वारा फिरला, वॉर्टहॉगने मान वर केली, शेपटीची काठी ताठ उभी केली आणि तिघं धूम पळाली. सिंहीण उठून बसली, जांभई दिली. शिकार झालीच नाही. पण हे सगळं बघायला आम्हाला पाऊण तास मिळाला. आसपास दुसरी गाडी नव्हती, मागून कुणी हॉर्न दिला नाही, ‘चला, पुढच्यांना जागा द्या’ म्हणणारं कुणी नव्हतं. अभयारण्यात आम्हाला सिंह दिसले, पण सिंहाचं वागणं बघायला मिळालं ते इथेच.

अभयारण्यात ज्या तीन गोष्टी करू देत नाहीत, त्या इथे करता येतात: रस्ता सोडून गाडी नेणं, रात्रीची फेरी आणि पायी फिरणं. माझ्यासाठी त्यातली पायी फेरी सर्वांत मोलाची. मसाई गाइड पुढे, त्याच्यासोबत रेंजर, आपण एका रांगेत. चालताना मोठं जनावर जवळून दिसेलच असं नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. तरसाची विष्ठा पांढरी का दिसते (हाडं खातं, त्यातला चुना), वारुळात आर्डवार्कने (वाळवी खाणाऱ्या प्राण्याने) खणलेल्या बिळात पुढे वॉर्टहॉग कसं राहायला येतं, शिट्टी वाजवणाऱ्या बाभळीच्या फुगीर गाठी फोडल्या की आतून मुंग्या कशा बाहेर येतात, हे सगळं पायीच कळतं. आमच्या गाइडचं शिक्षण कन्झर्वन्सीतल्याच कोयाकी गाइडिंग स्कूलमध्ये झालेलं. गवताची जात ओळखून ‘इथे झेब्रे थांबतील’ म्हणाला, आणि टेकाड ओलांडल्यावर झेब्रे होतेच.

रात्रीच्या फेरीत लाल फिल्टर लावलेला दिवा असतो. स्प्रिंगहेअर (सशासारखे दिसणारे कृंतक प्राणी) कांगारूसारखे उड्या मारत जातात, पांढऱ्या शेपटीचं मुंगूस दिसतं, झाडात बुशबेबीचे (माकडांच्या नात्यातल्या छोट्या निशाचर प्राण्याचे) डोळे चमकतात. गारठा मात्र बोचरा. ही जागा दीड हजार मीटरहून उंच आहे, आफ्रिका म्हणजे उकाडा ह्या समजुतीने आलेले कुडकुडतात. कानटोपी आणि जाड जॅकेट आणाच.

तंबू म्हणजे खरं तर कापडी भिंतींची नीट खोली. पलंग, संडास, सगळं आत. काही कॅम्पांत अंघोळीला गरम पाणी सांगून मागवावं लागतं. माणूस बाहेरून बादलीने वरच्या पिशवीत भरतो. रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही, पहारेकरी सोबत येतो. कुंपण नसल्याने हा नियम अगदी खरा आहे. सासूबाई आल्या होत्या तेव्हा रात्री तंबूमागे सिंह ओरडत होता आणि त्या सकाळी म्हणाल्या, ‘झोप नाही लागली, पण तक्रार नाही.’

सासूबाईंचे गुडघे दुखतात. लँड क्रूझरची पायरी उंच असते आणि दिवसभर धक्के बसतात. कॅम्पला आधी कळवलं तर चढायला छोटं स्टूल ठेवतात, मधली सीट देतात. न कळवता गेलात तर मागच्या सीटवर हाल होतील.

जेवणाचं. बहुतेक कॅम्पांत शाकाहाराची सोय चांगली. चपाती तर केनियात घरोघरी होते, डाळ-भाजीही येते. पण एका कॅम्पात आम्ही बुकिंग करतानाच शाकाहारी असल्याचं लिहूनसुद्धा दोन्ही वेळा उकडलेल्या भाज्या आणि पास्ताच समोर आला. इतके पैसे घेऊन ही हेळसांड मला पटली नाही, आणि तिथल्या व्यवस्थापकाला मी ते सांगितलं. जैन जेवण हवं असेल तर होकार लेखी घ्या.

एप्रिलचा पाऊस हा वेगळाच प्रकार. भाव उतरतात, गवत कमरेएवढं, आकाश बघत बसावं असं. पण तिथली काळी माती आपल्या विदर्भातल्या मातीसारखीच चिकट, भिजली की चाकं रुततात. एका दुपारी आमची गाडी नाल्याकाठी अडकली आणि दुसरी येऊन ओढेपर्यंत फेरीची वेळ संपली. पक्षी बघणाऱ्यांनी पावसात जरूर जावं. पहिल्यांदाच येणाऱ्यांनी टाळावं.

ऑगस्टमध्ये लोक विल्डबीस्ट (मोठ्या आफ्रिकी हरणांचे कळप) नदी ओलांडताना बघायला येतात. तो देखावा मारा नदीवर, म्हणजे अभयारण्यात. नाबोइशोतून त्यासाठी दिवसभराची वेगळी फेरी करावी लागते आणि अभयारण्याचं शुल्क वर पडतं: जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर, उरलेल्या महिन्यांत १००. नदी हेच एकमेव कारण असेल तर नाबोइशो तुमच्यासाठी नाही. आम्ही एक दिवस गेलो आणि गाड्यांच्या रांगा बघून संध्याकाळी परतल्यावर हायसं वाटलं.

नावांबाबत सावध राहा. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाकडून मुंबईच्या एजंटने ‘कन्झर्वन्सी स्टे’ म्हणून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात त्यांना अभयारण्याच्या गेटाजवळच्या तालेक गावाशी, कोणत्याच कन्झर्वन्सीत नसलेल्या हॉटेलात उतरवलं. ना रात्रीची फेरी, ना पायी फेरी. आणखी एक गोंधळ होतो. ‘मारा कन्झर्वन्सी’ ही संस्था अभयारण्याच्याच मारा ट्रायँगल भागाची व्यवस्था बघते. तिथली व्यवस्था उत्तम आहे, पण तो भाग अभयारण्यातलाच, नियमही तिथलेच. तेव्हा बुकिंगआधी विचारायचं: तंबू नेमक्या कोणत्या कन्झर्वन्सीच्या हद्दीत आहे, आणि प्रतिरात्र कन्झर्वन्सी शुल्क वेगळं दाखवलंय का?

मला सतत पडणारा प्रश्न मसाईंचा आहे. जमीन भाड्याने देताना त्यांनी आतली घरं हलवली. गुरांना चरायला आत आणायचं तर तेही ठरलेल्या पट्ट्यांत, पाळीपाळीने. दुष्काळात हे जड जातं. २०२० मध्ये पर्यटन थांबलं तेव्हा भाड्याचीही ओढाताण झाली. आमच्या गाइडच्या वडिलांची जमीन नाबोइशोत आहे. तो म्हणाला, भाड्याने धाकट्या बहिणीची फी भागते, पण गवत समोर दिसत असताना गाई अडवून धरणं वडिलांना अजून सोसत नाही. त्याचं हे म्हणणं ऐकल्यापासून मी कॅम्पवाल्यांना भाड्याबद्दल विचारतेच. जे मोकळेपणाने उत्तर देतात त्यांच्याकडे पुन्हा जाते.

भारतातून येणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी, परतताना आपल्याकडे विमानतळावर प्रमाणपत्र मागतात. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानाने जाणार असाल तर सामान १५ किलो आणि मऊ पिशवीतच, चाकांची कडक सूटकेस चालत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, फराळ डब्यात आणा. मुक्काम किमान तीन रात्रींचा ठेवा, कारण पहिला दिवस प्रवासातच जातो. आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळत असेल तर तोच घ्या: पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं, आणि जुलैची दरवाढ सहसा लागू झालेली नसते.